त्या आषाढातली टॉप लिंक

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की सकाळी डोळे उघडण्याआधी मला कानांनी कळतं. गावाच्या चारी अंगांनी ट्रॅक्टर धानाच्या बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या लहान लहान तुकड्यांमध्ये, उतरलेले असतात. त्यांच्या लोखंडी जाळीच्या चाकांचा चिखलातला आवाज, ओलं लुगडं दगडावर आपटावं तसा, थेट माझ्या खोलीपर्यंत येतो. मी पडल्या पडल्या ऐकत राहते. कुठे इंजिनाला ओझं झालं, कुठे अवजाराचे दाते फार खोल गेले, कुठे चालवणारा नवखा आहे, सगळं समजतं. शेजारचा पोरगा म्हणतो, "काकू, तुमी घरात बसून कसं काय वळखता?"

एका आषाढात हे सगळं मी फार जवळून ऐकलं आहे.

नवऱ्याचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. आता लिहायला हरकत नसावी. हरिश्चंद्र. गाव त्यांना हरिभाऊ म्हणायचं. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून आत, झाडीत, आमचं गाव. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक जुना, लहानसा लाल ट्रॅक्टर आणला. आमच्या बांध्या अशा चिमुकल्या की मोठ्या ट्रॅक्टरला आत वळतासुद्धा येत नाही. लोक बैलांवर विसंबून होते. पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी दारात येऊन बसू लागले, "हरिभाऊ, आमच्याबी बांधीत चिखल करून द्या ना जी."

ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायला तीन दांडे असतात. खालचे दोन वजन उचलतात. वरचा, मधला दांडा अवजाराचा कल ठरवतो. त्याला टॉप लिंक म्हणतात. दोन्ही टोकांना आटे असलेली ती एक जाड नळी. तिला पीळ दिला की ती लांब होते नाहीतर आखूड. आखूड केली की दाते जमिनीत नाक खुपसतात, लांब केली की नाक वर काढतात. कोरड्या शेतात एकदा लावली की दिवसभर पुरते. पण धानाच्या बांध्यांची गोष्ट निराळी. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पोटाशी असलेली बांधी लोण्यासारखी मऊ, तिच्या वरची मुरमाड, तिच्या पलीकडची अर्धी अशी अर्धी तशी. म्हणून ते पुन्हा पुन्हा ट्रॅक्टर थांबवायचे, गुडघाभर चिखलात उतरायचे, नळीच्या भोकात सळई घालून पीळ द्यायचे आणि पुन्हा वर चढायचे. चिखलाने भरलेले ते पाय, ती उतरचढ, मला त्यांच्या चालण्याइतकी ओळखीची होती.

एका वर्षी रोवण्यात ते घरी आले आणि म्हणाले, "आटे गंजले वाटते. फिरूनच नाही राहिले." दुसऱ्या दिवशी तेल घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी मी भाकर घेऊन शेतावर गेले तेव्हा धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, दिसलं. ते सळई दोन्ही हातांनी धरून तिच्यावर छाती टेकून जोर लावत होते. नळी फिरत होती. गंजलेलं काहीच नव्हतं.

मग मागच्या कितीतरी गोष्टी मला एकदम आठवल्या. सदऱ्याच्या गुंड्या लावायला ते मला बोलवू लागले होते आणि मला वाटलं होतं, लाडात आले. सुपारी कातरणं त्यांनी सोडलं होतं. उजव्या अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा बसला होता. तिथे खळगा पडला होता. मी रोज तो हात पाहत होते आणि पाहिला नव्हता.

"मी फिरवते," मी म्हटलं.

"तू? चिखलात?"

"रोवायले मी चिखलातच उभी राह्यते ना जी. मंग?"

पदर खोचून मी ट्रॅक्टरच्या मागे चालू लागले. ते हात वर करायचे, मी थांबायचे, सळई घालायची, ते सांगतील तेवढे पीळ द्यायचे. काही दिवस असे गेले. खरं सांगते, ते दिवस मला आवडले होते. घरात आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

मग एका दुपारी वरच्या बांधीत माझा पाय घसरला. मी बसकन आदळले ती दात्यांच्या अगदी तोंडाशी. ट्रॅक्टर उभाच होता, पण त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा मी त्यांना दिसलेच नाही, एवढी मी अवजाराच्या आड गेले होते. त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले नाहीत. सुकाणूवर कपाळ टेकून बसून राहिले आणि त्यांची पाठ हलत होती. मी चिखलातून उठून त्यांच्या गुडघ्याला हात लावला, "मले काही नाही झालं, पाहा."

"उद्यापासून नोको येऊ," एवढंच म्हणाले.

हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांचे हात उलटसुलट पाहिले, लहानशा हातोडीने ठोकून पाहिले, मग मला बाहेर बसवून त्यांच्याशी बोलले. परतीच्या एस.टी.त ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. वाटेत नदीचा पूल लागला तेव्हा म्हणाले, "नसा सुकून राहिल्या म्हणते. औषध नाही म्हणते. हातानं सुरू झालं, मंग सारीकडे जाईन." पुलाखाली पाणी होतं, वाळूत टरबुजाच्या वाड्या लावण्याची तयारी चालली होती. मी तेच पाहत राहिले.

भंडाऱ्याला उतरून मी बाजारात गेले. तिथे लोक पितळी भांडी घ्यायला लांबून येतात, दुकानंच्या दुकानं पिवळीधमक असतात, आणि मी एकेका दुकानात हलक्यात हलका पेला शोधत होते. दुकानदार म्हणाला, "बाई, पितळ घ्या, पोराबाळांच्या काळापर्यंत टिकते." मी ॲल्युमिनियमचा पेला घेतला आणि निघाले.

माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, भिंतीपलीकडेच राहायचे. त्यांनी सरळ सांगितलं, ट्रॅक्टर विकून टाक. त्यात वाईट हेतू नव्हता. गावातलं दुसरंही कुणी हेच म्हणालं असतं. मीही मनातून तेच म्हणत होते. ड्रायव्हर ठेवायचा म्हटलं तर हे ऐकत नव्हते. "चालवता येते मले. पाय धड आहेत, डोळे धड आहेत. सुकाणू कोपरानं वळवीन. लिफ्टची लिव्हर तळव्यानं ढकलता येते. फक्त तो पीळ..." आणि तिथे थांबायचे.

सुखदेवभाऊ यांच्या बरोबरीचे, गावातल्या शाळेत एका पाटीवर शिकलेले. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. सुखदेवभाऊ शहापूरला हमरस्त्यावर एका वर्कशॉपात ट्रकांची आणि ट्रॅक्टरांची कामं करायचे. उन्हाळ्यात एक दिवस सायकल दामटत आले, नळीकडे पाहिलं, यांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हऱ्या, ट्रॉली कशानं उचलते?"

"जॅकनं. तेलाच्या."

"मंग या नळीच्या जागी लहान जॅक बसवला तर? दोन पाइप, सीटजवळ एक लिव्हर. पुढं ढकलली का दांडा लांब, मागं ओढली का आखूड. खाली उतराचं कामच नाही."

यांनी तळवा नळीवरून फिरवला. मग हसले. त्या हिवाळ्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते.

मला मात्र संताप आला. सुखदेवभाऊ निघाले तेव्हा मी त्यांना फाटकाशी गाठलं. "भाऊ, तुमी कायले त्यायले नादी लावता? डॉक्टर म्हणाले आराम करा. पडले बिडले तर?"

त्यांनी सायकल फाटकाला टेकवली. "वयनी, आरामानं हात वापस येत असतीन तर सांगा. मी आत्ता हे डोक्यातून काढून टाकतो."

मी फाटकाची कडी चाचपत राहिले.

"येत नसतीन," ते हळू म्हणाले, "तर मंग जोवर पाय हायेत तोवर चालवू द्या त्याले."

जॅक कुठून आणायचा हाच मोठा प्रश्न होता. ट्रॉलीचा जॅक एकाच बाजूने जोर करतो. इथे ढकलणारा आणि ओढणारा, दोन्ही हवा होता, आणि तोही हातभर लांबीचा. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीतलं एक मोडकं यंत्र नागपूरच्या भंगारात आलं होतं, त्याचा तसा जॅक सुखदेवभाऊंना सापडला. आमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली काम चालायचं. शहापूरहून सुट्टीच्या दिवशी ते यायचे, टोकांना कड्या बसवून आणायचे, त्या ट्रॅक्टरच्या भोकांना जुळायच्या नाहीत, पुन्हा न्यायचे. यांचं काम म्हणजे बाजूला बाजेवर बसून सांगणं. "असं नाही गा, थोडं डावीकडं." "तू गप बस, हऱ्या." बैसाखाच्या त्या उन्हात दोघं असे भांडत बसलेले मला चुलीपुढून दिसायचे आणि मी भाकरी करपवायचे.

त्या वेळची एक गोष्ट मी विसरत नाही. आमच्या घरात सुखदेवभाऊंचा चहाचा कप वेगळा होता. सासूच्या काळापासून तो ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा; मी आले, वापरत गेले, कधी विचारलं नाही. एका दुपारी मी दोन कप घेऊन अंगणात गेले; यांच्या पेल्याला चहाचा चटका बसायचा. यांनी हात पुढे केला आणि कप निसटला. फुटला. मी दुसरा आणायला वळले तोवर सुखदेवभाऊंनी आपला कप उचलला, त्यावर फुंकर मारली आणि यांच्या ओठांना लावला. "पी." हे प्यायले. मग उरलेला स्वतः प्यायले. भिंतीपलीकडून भासरे पाहत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसेच घरात गेले. त्या संध्याकाळी कोनाड्यातला कप मी घरातल्या कपांत ठेवला. पुन्हा तो कुठला ते मलाही ओळखता येईना.

जॅक बसला त्या दिवशी अंगणात माणसं जमली. पाइप जोडले, तेल घातलं, इंजिन सुरू केलं. यांनी लिव्हरवर तळवा ठेवला आणि ती ढकलली. दांडा सरसर लांब झाला. मागे ओढली, तो आखूड झाला. मागचं अवजार मान हलवल्यासारखं वरखाली झालं. पोरं ओरडली. पण लिव्हर सोडल्यावर, सगळे पाहत असताना, दांडा आपसूक हळूहळू लांब होत गेला. आतलं सील झिजलं होतं. तेल दाब धरत नव्हतं. अवजार लोंबकळलं. सुखदेवभाऊंचा चेहरा उतरला.

हे सीटवर बसूनच हसले. "माह्या हातासारखंच हाय हे, सुख्या. धरतच नाही."

सुखदेवभाऊ विहिरीवर गेले आणि बराच वेळ तोंड धुत राहिले. मग जॅक काढून सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि घेऊन गेले. नवीन सील बसवून आणेपर्यंत मिरग लागला होता, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हिरवेगार झाले होते. या वेळी दांडा जिथे सोडला तिथे राहिला. कुणी जमलं नव्हतं. हे खाली उतरले आणि त्यांनी मित्राच्या खांद्यावर आपला तो सुकलेला हात ठेवला. धरता येत नव्हता, म्हणून नुसता ठेवला.

त्या आषाढासारखा आषाढ मी पाहिला नाही. पाऊस वेळेवर, बोड्या तुडुंब. ते पहाटे निघायचे. सुकाणूला सुखदेवभाऊंनी एक लाकडी मूठ बसवून दिली होती, त्यात मनगट अडकवायचं. गावातल्या ज्याने ज्याने बोलावलं त्याच्या बांधीत ते गेले. एरवी सांगायचे, आज नाही, उद्या. त्या वर्षी कुणाला नाही म्हणाले नाहीत. मऊ बांधी आली की तळव्याने लिव्हर पुढे, मुरमाड आली की मागे. चिखलात उतरायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. रोवणाऱ्या बायका म्हणायच्या, हरिभाऊंचा चिखल कसा, दह्यासारखा. आमची स्वतःची शेती त्यांनी शेवटी ठेवली. मी म्हटलं, "आपले पऱ्हे मोठे होऊन राहिले ना जी." ते म्हणाले, "होऊ दे. आपलं घरचंच हाय."

आमच्या बांध्यांची पाळी आली तेव्हा त्यांचं मनगट मुठीतून सुटू लागलं. एका वळणावर ट्रॅक्टर धुऱ्यावर चढला आणि तिरपा झाला. कसाबसा थांबवला. खाली उतरून ते धुऱ्यावर बसले. मी हातातल्या रोपांच्या पेंड्या टाकून धावत गेले.

"बस," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांच्या शेजारी बस म्हणताहेत. मी बसले.

"इथं नाही. सीटवर."

जेठात पटांगणात त्यांनी मला ट्रॅक्टर फिरवायला शिकवलं होतं. मी ते खेळ समजले होते. ते तसं समजले नव्हते, हे मला त्या क्षणी कळलं. "मले नाही येत," मी म्हटलं.

"आता सारं सीटवरूनच होते. पीळ द्यायले ताकद नाही लागत, खाली उतरा लागत नाही. लुगडं सावरून बस."

रोवणाऱ्या बायका वाकलेल्या होत्या त्या सरळ उभ्या राहिल्या. एक जण हसली. भासरे पलीकडच्या धुऱ्यावर होते. ते येऊन ओरडतील असं मला वाटलं. ते आले. त्यांनी ट्रॅक्टरला एक फेरी मारली, लोखंडी चाकाजवळचा माझा पदर उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "खोचून घे, सूनबाई. चाकात जाईन." आणि मग त्या हसणाऱ्या बाईकडे वळून, "पाह्यता काय? पेंड्या आणा."

मी चालवलं. वाकडंतिकडं, धक्के देत. हे धुऱ्यावर उलट्या टोपल्यावर बसलेले. छत्री धरता येत नव्हती म्हणून मी बांबू रोवून त्याला ती बांधली होती. तिथून सारखं ओरडायचे. "आखूड कर! अवं, मागं ओढ, मागं!" "लांब! लांब! रुतून राहिली!" "इंजिन आईक, मले नोको पाहू!" त्यांचा आवाज तेव्हा अजून धड होता. तो पुढे दिवाळीनंतर गेला. धान घरात आलं, त्यांनी पाहिलं; होळी मात्र पाहिली नाही. सुखदेवभाऊ शेवटी शेवटी रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायचे. ट्रॅक्टर मी आणखी काही वर्षं चालवला. मग विकला. ज्याने घेतला त्याने जॅक काढून जुनी नळी लावली. त्याचे मुलगे धडधाकट होते, त्यांना पीळ द्यायला काही वाटत नव्हतं. जॅक सुखदेवभाऊ घेऊन गेले.

पण मला मरण आठवायचं नाही. मला तो धुरा आठवतो.

दिवस जात गेले तशी मी शिकत गेले. चाकाचा आवाज जड झाला की हात आपणच लिव्हरकडे जायचा. एक दिवस बांधी संपली, मी ट्रॅक्टर धुऱ्याशी आणला, आणि माझ्या लक्षात आलं की आज सबंध दिवस ओरडणं ऐकू आलं नाही. ते छत्रीखाली बसले होते, हात मांडीवर, बोडीच्या पाण्याकडे पाहत. मी खाली उतरले.

"आज काहून काही म्हटलं नाही जी? बरं नाही वाटून राहिलं?"

"बरं हाय."

"मंग?"

ते माझ्याकडे पाहून हसले. "सांगासारखं काही राह्यलं नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांचे चिखलाने माखलेले पाय बोडीच्या पाण्याने धुतले, त्यांना उठवलं, घरी आणलं, भरवलं. त्यांनी भाजीची तारीफ केली. त्यांचं बोलणं मी नीट ऐकतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेवटची बांधी होती, बोडीच्या पोटाशी, सगळ्यांत मऊ. दांडा लांब करायला हवा हे मला धुऱ्यावरूनच दिसत होतं. मी सीटवर बसले, ट्रॅक्टर आत घातला आणि लिव्हर मागे ओढली. दाते खोल गेले. इंजिन गुरगुरायला लागलं, चाकांनी काळा चिखल उडवला. मी समोर पाहत राहिले. आणखी ओढली.

"अवं!" छत्रीखालून आवाज आला. "अवं, काय करून राहिली? लांब कर! लांब! इतके दिवस काय शिकवलं तुले?"

मी घाबरल्यासारखं करून लिव्हर पुढे ढकलली. इंजिन मोकळं झालं. थोडं गेल्यावर मी पुन्हा चुकले. ते पुन्हा ओरडले. बायका हसत होत्या, मी शिव्या खात होते, आणि ते टोपल्यावर पुढे सरकून, मान उंच करून, सबंध बांधीभर मला सांगत होते.